अनियमित ठोके आणि रक्त पातळ करणारी गोळी

प्रश्न : माझ्या वहिनींचे वय ४१ आहे. लहानपणी त्यांना सांधे सुजून ताप येत असे. त्यातूनच हृदयाची मायट्रल झडप फार अरुंद झाली, असे डॉक्टर सांगतात. आता ठोकेही अनियमित पडतात, म्हणून ॲसिट्रॉमची गोळी चालू आहे. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) तपासायला दर महिन्याला सोलापूरला जावे लागते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. शेजारच्या काकांनाही ठोक्यांचा हाच आजार आहे, पण त्यांच्या नव्या गोळीला ही तपासणी लागत नाही. तीच गोळी वहिनींना का चालू नये? पालेभाज्या पूर्ण बंद कराव्यात का?

उत्तर : दोघांच्या आजाराचे नाव एट्रियल फिब्रिलेशन असले, तरी त्यामागची झडप वेगळी आहे. या आजारात हृदयाची अलिंदे (वरचे दोन कप्पे) आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरतात, रक्त साचते, त्याची गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत अडकली की अर्धांगवायूचा झटका येतो. वहिनींच्या बाबतीत झडपच अरुंद असल्याने रक्ताला पुढे जाण्याची वाट अपुरी पडते, डावे अलिंद फुगत जाते आणि गुठळीचा धोका कितीतरी वाढतो.

नवी गोळी अशा रुग्णांना चालेल का, हे ‘इन्व्हिक्टस’ या चाचणीत पाहिले गेले. भारतासह २४ देशांतील साडेचार हजारांहून अधिक ऱ्हुमॅटिक (वहिनींसारख्या सांधेतापातून आलेल्या) झडपविकाराच्या रुग्णांचा तीत समावेश होता आणि निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. रिव्हरॉक्झाबॅन ही नवी गोळी घेणाऱ्यांपेक्षा वॉरफरिनच्या वर्गातील जुनी गोळी घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले, झटकेही कमी आले आणि मोठा रक्तस्राव मात्र लक्षणीयरीत्या वाढला नाही. विशेष म्हणजे जुनी गोळी घेणाऱ्यांचे आयएनआरही नेहमी नेमक्या मर्यादेत नव्हते. ॲसिट्रॉम त्याच जुन्या वर्गातली आहे. तेव्हा वहिनींना स्वस्तातले किंवा कमी प्रतीचे औषध दिले आहे, हा समज कृपया मनातून काढून टाकावा.

मजुरी बुडण्याची अडचण खरी आहे आणि ती डॉक्टरांना स्पष्ट सांगावी. रक्ताचा नमुना तालुक्याच्या प्रयोगशाळेत देऊन निकाल फोनवर कळवता येईल का, आयएनआर स्थिर असल्यास दोन तपासण्यांमधले अंतर वाढवता येईल का, हे विचारावे. वहिनींसारख्या रुग्णांत हा आकडा साधारणपणे २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. एका वहीत तारीख, आयएनआर आणि गोळीची मात्रा (अर्धी, पाऊण, एक) लिहीत जावे.

पालेभाज्या बंद करू नयेत. त्यांतील ‘के’ जीवनसत्त्व गोळीचा परिणाम कमी करते, त्यामुळे त्या दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खाव्यात. थंडीत मेथी स्वस्त झाली म्हणून रोज मेथी आणि नवरात्रात नऊ दिवस जवळजवळ निराहार, अशा चढउताराने आकडा बिघडतो. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. काही प्रतिजैविकांनीही आयएनआर एकदम चढतो. गर्भधारणेचा विचार असल्यास आधीच सांगावे, कारण ही गोळी गर्भाला अपायकारक ठरू शकते.

प्रश्न : वडील ७७ वर्षांचे आहेत, रक्तदाब व मधुमेह आहे. अनियमित ठोक्यांसाठी ते फक्त ॲस्पिरिन घेतात. झडपा चांगल्या आहेत. त्यांना काहीच त्रास होत नाही. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : नाही. धडधड जाणवत नाही म्हणून गुठळीचा धोका टळत नाही; वय, रक्तदाब आणि मधुमेह मिळून तो बराच वाढलेला आहे. वॉरफरिन झेपणार नाही असे वाटलेल्या रुग्णांवर ॲपिक्साबॅन ही नवी गोळी आणि ॲस्पिरिन यांची तुलना झाली (निष्कर्ष २०११). तीत ॲपिक्साबॅनने झटक्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आणले आणि मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच राहिले. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कळण्यासाठीची रक्ततपासणी) तपासून हृदयरोगतज्ज्ञांकडे या नव्या गोळ्यांविषयी लवकर विचारणा करावी. मात्र स्टेंट बसवलेला असल्यास ॲस्पिरिन स्वतःहून थांबवू नये.

दोन्ही घरांसाठी एक सूचना. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर तोंडात काहीही न घालता रुग्णाला लगेच सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात. ते देता येईल का, हे रुग्ण कोणती गोळी घेतो, शेवटची कधी घेतली आणि आयएनआर किती आहे यावरही ठरते. म्हणून निघताना ती वही आणि गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्यावीत.