इतकं सगळं वर्ज्य, मग खायला घालू काय?

मुलाला एकाहून जास्त पदार्थांची ॲलर्जी असली की पालकांच्या बोलण्यात दोन काळज्या हटकून जोडीने येतात. मूल अंगाने भरेल का, आणि हे ‘स्पेशल’ खाणं महिनोन्‌महिने परवडणार कसं? सहा वर्षांच्या एका मुलाची आई समुपदेशनाला आली तेव्हा तिच्याजवळ वर्ज्य पदार्थांची लिहून आणलेली यादी होती: दूध, अंडं, गहू, शेंगदाणे, सोया, सगळ्या डाळी आणि कडधान्यं, केळं, टोमॅटो. मुलाचं वजन १७ किलो आणि सहा महिन्यांत ते हललंच नव्हतं. किराण्याचा मोठा वाटा ग्लूटेनमुक्त पाव, बिस्किटं आणि बदामाच्या दुधावर जात होता. “मॅडम, आम्ही दोघं साधं जेवतो, त्याचं मात्र पाकिटातलं आणतो. तरी तो वाळतच चाललाय,” असं ती म्हणाली.

अशा वेळी स्वस्त पाककृती सांगायला घेण्याआधी यादी खरी आहे का ते बघावं लागतं. विनाकारण बंद केलेला प्रत्येक पदार्थ दोनदा महागात पडतो. त्यातलं पोषण जातं आणि त्याच्या जागी आणलेल्या वस्तूला जास्त पैसे पडतात.

म्हणून यादीतल्या एकेका पदार्थाबद्दल तेच चार प्रश्न विचारले. किती खाल्लं होतं? किती वेळाने त्रास झाला? नेमकं काय झालं? पुन्हा खाल्ल्यावर पुन्हा तेच झालं का? दूध, अंडं, गहू आणि शेंगदाणे यांची उत्तरं स्पष्ट होती. खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत अंगावर गांध्या, उलटी, एकदा ओठ सुजलेले. तातडीने उठणारी ॲलर्जी अशीच असते: काही मिनिटांपासून दोनेक तासांपर्यंत, आणि बहुधा दर वेळी. सोया, केळं आणि टोमॅटो मात्र एका रक्तचाचणीच्या अहवालातून यादीत आले होते. ती ‘आयजीजी’ नावाच्या प्रतिपिंडाची चाचणी होती. एखादा पदार्थ आपण खातो, शरीराला त्याची ओळख आहे, एवढंच त्या प्रतिपिंडावरून कळतं. ॲलर्जीचं निदान त्यावरून करू नये, असंच ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना सांगतात. त्वचेवरची चाचणी आणि ‘आयजीई’ या दुसऱ्या प्रतिपिंडाची रक्ताची चाचणी उपयोगी आहेत, पण त्याही पॉझिटिव्ह आल्या म्हणून पदार्थ खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही.

आणि डाळी? शेंगदाणा शेंगवर्गीय, डाळीही शेंगवर्गीय, म्हणून कुणीतरी सगळ्याच बंद करायला सांगितल्या होत्या. ही चूक फार घरांत दिसते आणि सगळ्यात महाग तीच पडते, कारण ताटातलं सर्वांत स्वस्त प्रथिन एका फटक्यात जातं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना इतर डाळी-कडधान्यं चालतात. ल्युपिन नावाच्या शेंगवर्गीय बीपासून मात्र जपावं लागतं. तो अपवाद खरा आहे. हा मुलगा तर तीन वर्षांचा होईपर्यंत डाळ खात होता आणि तेव्हा काहीही झालं नव्हतं. ॲलर्जीतज्ज्ञांनी इतिहास आणि चाचण्या तपासून डाळी, सोया, केळं आणि टोमॅटो त्यांच्या देखरेखीखाली पुन्हा सुरू केले. बरेच दिवस बंद असलेला पदार्थ घरच्या घरी ‘थोडा देऊन बघू’ असं करू नये. विशेषतः इसब असलेल्या मुलांत मधल्या काळात सहनशीलता जाऊन पहिल्याच घासाला जोराची प्रतिक्रिया येऊ शकते.

आठ नोंदींच्या यादीत आता चार उरल्या. दूध, अंडं, गहू, शेंगदाणे. मग हिशोबाला बसलो.

पालक बहुतेकदा पदार्थाला पदार्थ शोधतात: पावाला पाव, बिस्किटाला बिस्किट, दुधाला दूध. पैसा तिथेच गळतो. ग्लूटेनमुक्त पाव हा मुख्यतः स्टार्च, त्यात प्रथिनं गव्हाच्या पावापेक्षा सहसा कमी आणि किंमत जास्त. शोध पोषणाचा घ्यायला हवा. रोज अर्धा लिटर दूध बंद झालं तर जातं काय? सुमारे ३०० कॅलरी, १६ ग्रॅम प्रथिनं, ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि त्यासोबत जीवनसत्त्व बी १२, बी २ आणि आयोडीन. यातल्या प्रत्येकाची जागा वेगवेगळ्या वस्तूने भरता येते, आणि ती वस्तू पांढरी, पेल्यातून प्यायची असायला हवी असं काही नाही.

प्रथिनांची धास्ती आईला सर्वांत जास्त होती, म्हणून तिच्यासमोरच बेरीज मांडली. या वयाला किलोमागे साधारण १ ग्रॅम, म्हणजे १७ ग्रॅम पुरतात. दिवसभरात १५० ग्रॅम कोरडे तांदूळ दिले तर १० ग्रॅम, ६० ग्रॅम कोरड्या डाळी किंवा कडधान्यातून १४ ग्रॅम, एका मध्यम बटाट्यातून ३ ग्रॅम. बाकी काही न मोजताच गरज ओलांडली. धान्य आणि डाळ दोन्ही दिवसभराच्या खाण्यात असली की एकीतली उणीव दुसरी भरून काढते. दोन्ही एकाच घासात असायची गरज नाही.

मुलगा वाळत होता तो उष्मांक कमी पडल्यामुळे. दूध, लोणी, अंडं, शेंगदाणे गेले की ताटातली चरबी जाते, आणि लहान पोटात नुसता भात-भाजी किती मावणार? उपाय अगदी साधा आहे. चालणारं रिफाइंड तेल शिजलेल्या डाळीत, भातात, कुस्करलेल्या बटाट्यात वरून घालायचं. चहाच्या एका चमच्याला सुमारे ४० कॅलरी. दिवसाला एकूण पाच चमचे म्हणजे २०० कॅलरी, जवळपास दोन केळ्यांइतक्या. शेंगदाण्याचं घाण्याचं तेल मात्र अजिबात नको. त्यात शेंगदाण्याची प्रथिनं उतरलेली असतात.

कॅल्शियमची बाब जरा किचकट आहे. बदामाच्या आणि तांदळाच्या पेयात प्रथिनं नगण्य, पेल्यामागे सहसा १ ग्रॅमच्या आसपास. सोयाच्या पेयात ७ ग्रॅम. म्हणून सोया चालत असेल तर कॅल्शियम घातलेलं, बिनसाखरेचं सोया पेय रोज ४०० मिलिलिटर, आणि लेबलवर १०० मिलिलिटरमागे १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लिहिलेलं हवं. ‘सेंद्रिय’ शिक्का असलेल्या कित्येक पेयांत कॅल्शियम घातलेलंच नसतं, घरी केलेल्यातही नसतं. आणखी एक गोष्ट पालकांना कुणी सांगत नाही: घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. खोकं दर वेळी जोरात हलवलं नाही तर वरचं पातळ पाणी मुलाच्या पोटात आणि खालचा साका खोक्याबरोबर कचऱ्यात जातो. पालकाच्या भाजीवर भिस्त ठेवू नका. त्यातलं कॅल्शियम तिच्यातल्याच ऑक्झलेट नावाच्या घटकामुळे फारसं शोषलं जात नाही. कोबीवर्गातल्या हिरव्या भाज्या आणि नाचणी यांचा जास्त उपयोग. बकरीचं दूध हा पर्याय नाही, गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना तेही बाधतं. लॅक्टोजमुक्त दूधही नाही, कारण त्यातली प्रथिनं तशीच असतात. हे कुटुंब मासे-मांस खात नव्हतं, त्यामुळे बी १२ आणि ड जीवनसत्त्वाचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावं लागलं. तिथे काटकसर करू नये.

दुकानात तुलना कशी करायची तेही तिला दाखवलं. पाकिटाच्या मागे १०० ग्रॅममागे प्रथिनं किती ते लिहिलेलं असतं. त्यावरून अख्ख्या पाकिटातली प्रथिनं काढायची आणि किमतीला त्या आकड्याने भागायचं. एक ग्रॅम प्रथिनाला काय पडतं ते कळतं. कोरडी डाळ आणि ग्लूटेनमुक्त बिस्किट असं शेजारी मांडलं की कुणाला समजवावं लागत नाही.

पावाची जागा तिच्या घरात तांदूळ-डाळीच्या घावनाने घेतली. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी डाळ, पाच तास भिजवून वाटायचं, मीठ आणि पाणी घालून पळीतून सहज ओघळेल असं पातळ करायचं. आंबवायची गरज नाही. गव्हातलं ग्लूटेन नसल्यामुळे ते धरून राहत नाही आणि तुटतं, ही नेहमीची तक्रार. तवा चांगला तापलेला हवा, आकार तळहाताएवढाच ठेवायचा, आणि कडा आपणहून सुटेपर्यंत उलथनं लावायचंच नाही. घाई केली की चिकटून फाटतं. कडधान्यं आठवड्यातून दोनदा एकदम शिजवून वाट्या-वाट्यांनी फ्रीजरमध्ये टाकली की रोजचा वेळ आणि इंधन वाचतं. फ्रीजमध्ये ती तीन-चार दिवसच टिकतात. राजमा असेल तर भिजवलेलं पाणी फेकून ताज्या पाण्यात खळखळून किमान १० मिनिटं उकळायलाच हवा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवायचा. मंद आचेवर अर्धवट शिजलेल्या राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनामुळे उलट्या होतात, आणि मग घरच्यांना वाटतं नवी ॲलर्जी निघाली.

दोन स्वयंपाक करायचे नाहीत, हेही तेव्हाच ठरलं. मुख्य भांडं चारही गोष्टींशिवाय शिजवायचं. बाकीच्यांना अंडं किंवा चीज हवं असेल तर त्यांनी आपापल्या ताटात घ्यायचं. मुलाचं वाढून झाल्यावर, वेगळ्या चमच्याने.

तीन आठवड्यांनी तिचा घाबरलेला फोन आला. डाळ खाल्ल्यावर अंगावर गांध्या उठल्या होत्या. श्वासाचा त्रास नव्हता, उलटी नव्हती, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाने गांध्या ओसरल्या. “म्हणजे डाळ नाहीच चालत ना त्याला?”

तिला म्हटलं, “ताई, डाळीला दोष द्यायच्या आधी उरलेली डाळ पांढऱ्या ताटात पसरा आणि निवडून बघा.” दहा मिनिटांत तिने फोटो पाठवला. मूठभर मसुरात गव्हाचे सात दाणे. स्वस्त पडते म्हणून तिने सुटी डाळ घेतली होती, शेजारच्याच पिंपातून गहू काढला जात होता आणि माप एकच होतं. ॲलर्जीच्या घरात सुटं धान्य हीच तोट्याची बचत ठरते. मोठं सीलबंद पाकीट घ्यावं, त्याच्यावरही गव्हाचा उल्लेख आहे का ते बघावं, ताटात निवडावं, धुवावं. पीठ दळून आणायचं तर गहू दळलेल्या गिरणीतून नको. ती गिरणी कितीही झटकली तरी पीठ राहतंच. घडलेला प्रकार ॲलर्जीतज्ज्ञांना कळवला, आणि त्यांनी सांगितल्यावर निवडलेली डाळ पुन्हा सुरू झाली. काही झालं नाही.

हाताला शेंगदाणे लागले असतील तर साबण-पाण्यानेच धुवायला हवेत, सॅनिटायझरने ती प्रथिनं निघत नाहीत. लेबल प्रत्येक खरेदीला पुन्हा वाचायचं, कारण घटक न सांगता बदलतात. केसीन आणि व्हे म्हणजे दूध, अल्ब्युमिन बहुधा अंडं, रवा आणि मैदा म्हणजे गहू. ‘अंश असू शकतो’ ही सूचना अनेक देशांत ऐच्छिक आहे, म्हणून ती नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. ‘ग्लूटेनमुक्त’ पदार्थात ग्लूटेन काढलेला गव्हाचा स्टार्च असू शकतो, तेव्हा गव्हाची ॲलर्जी असेल तर घटकांची पूर्ण यादी वाचा. ‘व्हीगन’ हा शब्दही ॲलर्जीची हमी नव्हे.

गांध्यांच्या जोडीला खोकला, घरघर, आवाज बसणं, वारंवार उलट्या किंवा मूल मलूल पडणं दिसलं तर ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लगेच द्यायचं, मुलाला आडवं ठेवायचं (श्वास लागत असेल तर बसतं) आणि तातडीची मदत बोलवायची. ॲलर्जीची गोळी किंवा सिरप त्याची जागा घेत नाही. इंजेक्शन घरात आणि दप्तरात दोन्हीकडे हवं, हे खर्चाच्या यादीत सगळ्यात वर.

तीन महिन्यांनी वजन १७.८ किलो भरलं, आणि पाकिटबंद वस्तूंत सोया पेयाशिवाय फारसं काही उरलं नव्हतं. आता आईचा पुढचा प्रश्न होता की दूध आणि अंडं कायमचंच बंद का. बहुतेक मुलांत दूध, अंडं, गहू यांची ॲलर्जी वाढत्या वयात जाते, शेंगदाण्याची मात्र थोड्यांचीच जाते. दूध आणि अंडं केकसारख्या भाजलेल्या रूपात अनेक मुलांना आधी चालू लागतं, पण ती परीक्षा दवाखान्यातच घ्यायची. त्या भेटीला जाताना तिला तीन गोष्टी न्यायला सांगितल्या: मागच्या वर्षभरात चुकून पोटात गेलेल्या प्रत्येक पदार्थाची तारीख, अंदाजे मात्रा आणि काय झालं याची नोंद, वजन-उंचीचा तक्ता, आणि सध्या तो नेमकं काय-काय खातो त्याची यादी.