शिकार केलेल्या रानहंसाची फक्त छाती काढून बाकीचा पक्षी टाकून देणं योग्य आहे का?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा दिसतो: मित्राबरोबर पहिल्यांदाच हंसांच्या शिकारीला गेलात. त्याने अकरा पक्ष्यांच्या छात्या सुरीने सोडवून घेतल्या आणि उरलेली धडं बांधाखाली लोटून दिली. तुम्ही विचारलंत तर म्हणाला, "सगळे असंच करतात, रात्री कोल्हे खातील." तुम्हाला ते खटकलं, आणि आता वाटतंय की आपण उगाच हळवे होतोय की काय.

हळवे होत नाही आहात. पण तुम्हाला जे खटकलं त्याच्या आधीच एक मोठी चूक होऊन गेली होती, आणि ती तुमच्या नजरेतून सुटली असं मला वाटतं.

मी चौदा हंगाम पाणपक्ष्यांची शिकार करतेय, जिथे ती परवान्याने करता येते तिथे. (भारतात वन्यजीव कायद्याखाली हा गुन्हा आहे. हे उत्तर वाचून कुणी गलोल शोधू नये.) "मुळात मारायचंच कशाला" हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो विचारणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांचा मुद्दा निदान सरळ असतो. ज्याने मारायचं ठरवलंच आहे, त्याचं पुढे काय, एवढंच इथे बोलू.

आधी छातीचं बघू. हजारो किलोमीटर उडणाऱ्या पक्ष्याचं सगळं बळ पंख ओढणाऱ्या छातीच्या स्नायूंत असतं, म्हणून मांसाचा मोठा वाटाही तिथेच. ते कोंबडीच्या छातीसारखं पांढरं नसतं, गडद लाल असतं, जवळजवळ मटणासारखं. कातडी फाडून दोन्ही बाजूंचे तुकडे सोडवायला सराईत माणसाला दोन-तीन मिनिटं लागतात. हंसाची पिसं उपटायची म्हटली तर अर्धा तास कुठेच गेला नाही, आणि खालची मऊ लव नाकातोंडात जाते ती वेगळीच. गारठ्यात बोटं सुन्न झालेली असताना माणूस सोपं तेच करतो. मीही प्रत्येक पक्ष्याची पिसं उपटत नाही, खोटं कशाला बोलू?

पण पिसं न उपटताही तंगड्या काढता येतात, आणि इथे पक्ष्या-पक्ष्यांत फरक आहे. लहान बदकाच्या दोन्ही तंगड्यांचं मांस मूठभरही भरत नाही. मोठ्या हंसाच्या दोन तंगड्यांत एका माणसाचं पोटभर जेवण असतं. म्हणजे अकरा हंसांच्या तंगड्या टाकल्या तेव्हा तुमच्या मित्राने अकरा जेवणं टाकली. कलेजी आणि पेटा धरलेलेच नाहीत. त्या तंगड्या चिवट असतात हे खरं. लांबवर उडालेला, चाललेला पक्षी असतो तो, कढईत दहा मिनिटांत कसा शिजेल? मंद आचेवर तीन-चार तास ठेवा, मांस हाडावरून आपोआप सुटतं. "हंसाच्या तंगड्या खाण्यालायक नसतात" असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या घाईत तळलेल्या असतात.

कायदा काय म्हणतो? सगळीकडे एकच नाही. अमेरिकेत मारलेला किंवा जायबंदी झालेला पक्षी शोधण्याचा वाजवी प्रयत्न करावा लागतो, तो आपल्या ताब्यात ठेवावा लागतो, आणि घरी नेईपर्यंत त्याचं डोकं किंवा पिसांसकट एक पंख अंगाला जोडलेला लागतो, म्हणजे तपासणाऱ्याला जात ओळखता येते. मला याची नेहमी गंमत वाटते. जो पंख कुणी खाणार नाही तो सांभाळून न्यायचा, आणि तंगडीबद्दल त्या नियमात अवाक्षर नाही. (तुमचा मित्र तिथला असेल आणि नुसते लाल तुकडे पिशवीत भरून निघाला असेल, तर "सगळे असंच करतात" हे उत्तर वनरक्षकापुढे चालणार नाही.) उलट अलास्कात, जिथे वसंतात आणि उन्हाळ्यात तिथले मूळ रहिवासी पोटासाठी शिकार करतात, त्या शिकारीच्या नियमात खाण्यालायक मांसाची यादीच दिलेली आहे: छाती, पाठ, मांड्या, पाय, पंख, पेटा आणि हृदय. डोकं, मान, पंजे, कातडी हवी तर घ्या. ज्यांचं जेवण खरोखर यावर चालतं त्यांच्यासाठीचा नियम किती बारीक आहे पाहा.

आता त्या आधीच्या चुकीकडे येते. तुम्ही लिहिलंय अकरा हंस. माणसं दोन. ते अकरा पक्षी कोण खाणार होतं?

माझ्या चौथ्या हंगामातली गोष्ट आहे. पहाटे लपणात बसलो होतो, धुकं होतं, कळप अगदी डोक्यावरून येत होते आणि आमचे बार बसत होते. दिवसाला जेवढे मारायची परवानगी होती तेवढे सगळे मारले, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. पहिले चार मी अगदी मन लावून साफ केले. मान, पेटा, कलेजी, सगळं वेगळं काढलं, चरबी वितळवून बरणीत भरली. नंतरच्यांच्या नुसत्या छात्या काढल्या. शेवटचे चार रात्री साडेअकराला अख्खेच पिशवीत कोंबून फ्रीजरच्या तळाला टाकले, "रविवारी बघू" म्हणत. ते रविवारी बघणं तीन वर्षांनी झालं. बर्फाने करडी पडलेली, वाळक्या लाकडासारखी चार पुडकी निघाली, आणि ती मी कचऱ्याच्या डब्यात टाकली. बांधाखाली टाकली असती तर निदान कोल्ह्याच्या तरी पोटात गेली असती.

तेव्हापासून मी मोजते ते वेगळ्या तऱ्हेने. परवान्यावरचा आकडा पक्ष्यांच्या संख्येवर ताण पडू नये म्हणून ठरवलेला असतो, तुमच्या घरातली तोंडं मोजून कुणी तो ठरवत नाही. निघण्याआधीच ठरवते: आज रात्री किती साफ करू शकेन? सहसा उत्तर तीन येतं. तिसरा पडला की बंदूक रिकामी करून म्यानात. सोबतची माणसं पहिल्या वर्षी खूप चिडवायची.

मांसाच्या नासाडीवर वाद घालताना जो पक्षी हातीच लागत नाही त्याची आठवण कुणाला होत नाही, हे मला फार लागतं. एक छर्रा पोटात घेऊन जो उडून जातो तो. डेन्मार्कमध्ये नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गुलाबी पायांच्या हंसांचे एक्स-रे काढले, तेव्हा प्रौढ पक्ष्यांपैकी साधारण एक तृतीयांश पक्ष्यांच्या अंगात छर्रे सापडले. जिवंत, उडत्या पक्ष्यांच्या! त्यानंतर तिथे शिकाऱ्यांना बरोबर घेऊन मोहीम सुरू झाली. अंतराचा अंदाज घ्यायला शिका, लांबून बार टाकू नका, असं सांगितलं, आणि पुढच्या वर्षांत हे प्रमाण खाली आलं. दाटीने उडणाऱ्या कळपात बार टाकला की एकावर नेम धरलेला असतो आणि छर्रे तिघांना लागतात. माझा एक हंस असाच वेताच्या बेटात पडला. कुत्र्याला घेऊन दीड तास शोधला, गुडघाभर चिखलात, अंधार पडेपर्यंत. मिळाला नाही. तो मी त्या दिवसाच्या तीनात धरला आणि घरी दोनच घेऊन आले.

कोल्ह्यांचा मुद्दा अगदीच खोटा नाही. रानात काही वाया जात नाही, सकाळपर्यंत हाडंसुद्धा दिसणार नाहीत. पण मेलेल्या पक्ष्याबरोबर छर्रेही जातात. शिशाचे छर्रे गिळून बदकं मरायचीच, आणि ती बदकं खाऊन गरुड मरायचे. अमेरिकेने १९९१पासून पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे पूर्ण बंद केले, त्यामागे हे गरुडांचं मरणही होतं. युरोपीय संघात पाणथळींवर ही बंदी लागू व्हायला २०२३ साल उजाडलं. पोलादी छर्ऱ्यांनी विषाचा प्रश्न सुटतो. आता त्या जागी बर्ड फ्लू आहे: आजारी पाणपक्ष्यांची मढी खाऊन कोल्ह्यांना लागण झाल्याची उदाहरणं आहेत. तेव्हा धडांचा ढीग उघड्यावर टाकणं म्हणजे कोल्ह्यांना जेवण घालणं, असं म्हणण्याआधी थोडा विचार करायला हवा. शिवाय, तुमच्या मित्राने कोल्ह्यांची सोय करण्यासाठी बंदूक उचलली नव्हती, हे त्यालाही माहीत आहे.

"चवच घाणेरडी असते" हे दुसरं नेहमीचं कारण. मासे खाणाऱ्या बदकांची चरबी खरंच हिवस लागते. पण ते पक्षी पाहून कळतं, बार टाकण्याआधी. जे खायचं नाही त्याच्यावर नेमच धरायचा नाही. हे न जमल्याचं सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे लॅब्राडॉर बदक. एकोणिसाव्या शतकात ही बदकं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बाजारांत विकायला यायची. चव वाईट म्हणून कुणी घेत नसे, आणि ती तिथेच टांगल्या टांगल्या सडायची, असं त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलंय. १८७०च्या दशकानंतर तो पक्षी कुणाला दिसला नाही. नुसत्या बंदुकीने तो संपला असं म्हणता येणार नाही, पण कुणालाच नको असलेला पक्षीही लोक मारत राहिले हे खरं.

बर्फहंसाच्या बाबतीत मात्र माझं मन अजूनही डळमळतं. उत्तर अमेरिकेत शेतांमधल्या दाण्यांवर पोसून त्यांची संख्या इतकी वाढली की हडसन उपसागराच्या काठची गवताळ दलदल ते मुळासकट उपटून खायला लागले. मागे उरला नुसता खारट चिखल. १९९९मध्ये अमेरिका आणि कॅनडाने वसंतातली खास शिकार सुरू केली, आणि अमेरिकेत तिला दिवसाची मर्यादाही ठेवली नाही. इथे पक्षी कमी व्हावेत हाच हेतू आहे. मग शंभर मारून वीस खाल्ले तर चूक काय, असं विचारतात. उद्देश पटतो मला. पण संख्या कमी करायची असली तरी तो पक्षी खाण्यासारखाच राहतो, दाण्यावर वाढलेला आणि चवीला चांगला. लोक त्याला "आकाशातला कार्प" (कार्प म्हणजे तिथे कवडीमोल समजला जाणारा मासा) म्हणून हिणवतात ते बहुधा टाकून देणं सोपं जावं म्हणून. मी त्या शिकारीला दोनदा गेले, दुसऱ्यांदा गाडीत मोठ्या बर्फपेट्या आणि आठ घरांची आगाऊ यादी घेऊन.

यादीवरून आठवलं: देऊन टाकणं हा सगळ्यात सोपा उपाय आहे. रानबदकं विकायला अमेरिकेत आणि कॅनडात बंदी आहे, बाजारासाठी मारणाऱ्यांनी एके काळी जो कहर केला त्यामुळे. द्यायला बंदी नाही. फक्त पक्षी दुसऱ्याकडे ठेवायचे तर सहीची चिठ्ठी लागते: कुणी मारले, कधी, कोणत्या जातीचे, किती. पण साफ करून द्या. पिसांसकट हंस शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवला की तुमची नासाडी तुम्ही त्याच्या गळ्यात घातलीत.

आणि टाकणंच बरोबर असतं तेव्हा बिनदिक्कत टाका. पक्षी मारण्याआधीच लुळा, गरगर फिरणारा दिसत होता, आतून हिरवट, दुर्गंधी येणारा निघाला, छर्ऱ्यांनी आतडी फुटून मांस खराब झालं, तर तो खाऊ नका. न्यूयॉर्क राज्याचं आरोग्य खातं मर्गान्सर हे मासे खाणारं बदक अजिबात खाऊ नका म्हणतं आणि बाकीच्या रानबदकांची कातडी आणि चरबी काढायला सांगतं, कारण पाण्यातली रसायनं चरबीत साठतात. तिथे "संपूर्ण पक्षी वापरा" हा हट्ट मूर्खपणाचा. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सियसला शिजवलं की बर्ड फ्लूच्या विषाणूची भीती राहत नाही.

मित्राशी काय बोलायचं? व्याख्यान देऊ नका, पुढच्या हंगामात तो तुम्हाला नेणारच नाही. तो छात्या काढत असेल तेव्हा शेजारी बसा आणि म्हणा, तंगड्या मला दे. मांडी आणि अंगाच्या मधल्या कातडीला एक चीर द्या, तंगडी पाठीकडे उलटी वाकवा, सांधा निखळल्याचा आवाज येतो, तिथून सुरी फिरवली की सुटते. कातडी मोज्यासारखी ओढून काढा. एका पक्ष्याला एक मिनिट. छर्ऱ्याने मोडलेलं हाड असेल तर ती सोडा, बारीक चुरा दाताखाली येतो. पिशवीवर तारीख आणि जात लिहा, आणि ती फ्रीजरमध्ये वरच्या कप्प्यात ठेवा, तळाला नको.