यादी नको, एक रेकॉर्ड सुचव

रामबाग, इंदूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रविवारच्या बैठकीत तू चाळीस इंग्रजी अल्बमची यादी वाचून दाखवलीस. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि एकानेही एक नाव लिहून घेतलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. यादीत खोट नव्हती. गायकांत बॉब डिलन होता, जोनी मिचेल होती, बँडमध्ये पिंक फ्लॉइड होते. पण ती यादी नक्की कोणासाठी होती, हेच कळेना. तुझ्या वयात जेवढं ऐकलं तेवढं सगळं एकदम सांगावंसं वाटतं, ते मी समजू शकते. तरी सुचवायला बसलास की समोर एकच माणूस धर आणि त्याच्यासाठी एकच रेकॉर्ड निवड. त्याने आणखी मागितलं तर पुढचा रविवार आहेच.

आपल्यातल्या हार्मोनियमवाल्या आजोबांचंच घे. त्यांचं अर्धं आयुष्य कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांत गेलंय. कुमारजी १९४८ साली देवासला आले, क्षयाच्या दुखण्यात पडून राहिले आणि माळव्यातल्या लोकगीतांचे सूर त्यांनी कानात साठवले, ही कथा आजोबा कोणी न विचारताही सांगतात. अशा माणसाला ‘रॉकमधलं सर्वश्रेष्ठ’ म्हणून लेड झेपेलिन हा बँड ऐकवायला गेलास तर ते विनयाने दोन मिनिटं बसतील आणि मग चहाचं विचारतील. त्यांना निक ड्रेक या इंग्लिश गायकाचा १९७२ चा ‘पिंक मून’ दे. एक गळा, एक गिटार, शीर्षकगीतात थोडासा पियानो. बाकी काही नाही. जेमतेम अठ्ठावीस मिनिटांचा अल्बम, लंडनच्या स्टुडिओत दोन रात्रींत ध्वनिमुद्रित झालेला. खालच्या तारा घुमत राहतात आणि वर आवाज फिरतो, हे त्यांच्या कानाला लगेच ओळखीचं वाटेल. इंग्रजी शब्द नाही कळले तरी अडत नाही.

आणि हो, निक ड्रेक सव्विसाव्या वर्षी गेला, हयातीत त्याच्या रेकॉर्डी फारशा खपल्याच नाहीत, हे सगळं नंतर सांग. आधी सांगितलंस तर माणूस गाणं सोडून मरण ऐकत बसतो. आजकाल लोक चरित्रच जास्त सुचवतात असं मला वाटतं.

नुसतं नाव देऊन भागत नाही, सुरुवात कुठून करायची तेही सांगावं लागतं. रेकॉर्डला दोन बाजू असायच्या, एकेक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची, आणि दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं कुठलं ठेवायचं याचा नीट विचार व्हायचा. मोबाइलवर ही उलटापालट दिसतच नाही. डिलनचा मार्च १९६५ चा ‘ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम’ आठव. पहिल्या बाजूवर इलेक्ट्रिक गिटार आणि पूर्ण वाद्यवृंद, दुसऱ्या बाजूवर चारच गाणी आणि ती बहुतांशी साध्या गिटारवर. ज्याला लोकसंगीत आवडतं त्याला सांग, ‘आठव्या गाण्यापासून लाव.’ तिथे दुसरी बाजू सुरू होते. एकदा त्या बाजूची गोडी लागली की पहिल्या बाजूचा गोंगाट तो स्वतःहून ऐकेल. क्रम विस्कटून गाणी लावणारं ते मोबाइलमधलं बटण मात्र आधी बंद करायला लाव.

आमच्या वेळी कॅसेटीच ही शिस्त लावत. सी-९० म्हणजे नव्वद मिनिटांची कॅसेट, तिच्या एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ त्रेचाळीसच्या आसपास, म्हणजे एका बाजूत चपखल. जोनी मिचेलचा ‘ब्लू’ छत्तीस मिनिटांचा, मग उरलेल्या जागेत काय भरायचं यावर आम्ही मैत्रिणी आठवडाभर डोकं खाजवायचो, कारण त्या उरलेल्या दोन गाण्यांतच देणाऱ्याची पसंती कळायची. बँकेतली नोकरी, घर, पोरं सांभाळून हे चालायचं, आणि एका संध्याकाळी एकच कॅसेट भरून होई. एकच देण्याची सवय मला तिथूनच लागली. अमेरिकेत ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या मंडळींनी श्रोत्यांना आपल्या कार्यक्रमांच्या टेप करू दिल्या, १९८४ मध्ये तर टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखून ठेवायला सुरुवात केली. तिथला दंडक असा की टेप विकायची नाही, नुसती अदलाबदल करायची. तुमच्या पिढीला सगळं फुकट आणि क्षणात मिळतं. त्यामुळे आता द्यायला उरलाय तो तुमचा वेळच.

तुझा तो जिमवाला मित्र झेपेलिनचा भक्त आहे. ‘ते सोड, हे ऐक’ असं त्याला सांगू नकोस. त्याच्या आवडीतूनच वाट काढ. झेपेलिनच्या १९७१ च्या चौथ्या अल्बममध्ये ‘द बॅटल ऑफ एव्हरमोर’मध्ये त्यांचा गायक रॉबर्ट प्लांट याच्याबरोबर जी बाई गाते ती सँडी डेनी. तिच्या आवाजाला धरून मागे गेलं की तिच्या फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडचा १९६९ चा ‘लीज अँड लीफ’ लागतो. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्या गाडीला अपघात झाला होता, ड्रमवादक मार्टिन लँबल त्यात गेला. त्यानंतर या मंडळींनी इंग्लंडच्या जुन्या कथागीतांना हात घातला. त्यातलं ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ सरदार, त्याची बायको, तिचा प्रियकर आणि तलवार असं आठ मिनिटं चालतं. पोवाडा आवडणाऱ्याला ते पुरेपूर आवडेल.

दुसरी वाट याहून मजेची आहे. झेपेलिनच्या पहिल्याच अल्बमवर ‘ब्लॅक माउंटन साइड’ म्हणून एक तुकडा आहे, त्यात विराम जसानींचा तबला आहे. श्रेय एकट्या जिमी पेजचं, म्हणजे झेपेलिनच्या गिटारवादकाचं छापलंय. पण ती बांधणी बर्ट जान्श या गिटारवादकाच्या ‘ब्लॅकवॉटरसाइड’वरून आलेली, त्याच्या १९६६ च्या ‘जॅक ओरियन’मध्ये ती ऐकू येते, आणि जान्शला ते गाणं शिकवलं अ‍ॅन ब्रिग्ज या लोकगायिकेने. तिची बरीचशी गाणी साथीशिवाय, नुसत्या गळ्यावर. तबल्यापासून तिच्यापर्यंत तुझा मित्र दोन आठवड्यांत पोचेल, आणि पोचला की तुला विसरणार नाही.

ही मधली नावं गाळायची नाहीत, बरं का. आपल्याकडे गाणारा उस्तादांचं नाव घेताना कानाला हात लावतो. तुला एखादा अल्बम कोणाकडून कळला असेल तर देताना त्या माणसाचं नाव सांग, मग तो आपल्या गल्लीतला का असेना. ‘मीच शोधला’ म्हणून मिरवणाऱ्याला पुढे कोणी काही सांगेनासं होतं.

आता घेण्याबद्दल. कोणी तुला काही सुचवलं तर त्याच संध्याकाळी उलटं तीन सुचवू नकोस. आधी त्याचं ऐक, पूर्ण ऐक, चार दिवसांनी पुन्हा ऐक. मग नुसतं ‘छान होतं’ म्हणू नकोस, त्यावरून तू ऐकलंस की नाही तेही कळत नाही. ‘तिसऱ्या गाण्यातलं व्हायोलिन नको होतं’ असं काहीतरी सांग. नाही आवडलं तर तसंही सांग, फक्त कुठे नाही आवडलं ते सांग. त्यावरून पुढचं काय द्यावं ते त्याला कळेल. घरी वाजवायला साधा पण बरा स्पीकर असावा. महागड्या हेडफोनच्या चर्चेत पडू नकोस, तिथे गेलेली माणसं परत गाण्याकडे आलेली मी पाहिली नाहीत.

तुझी आई म्हणते, ‘हे इंग्रजी आपलं नाही.’ वाद घालू नकोस भिया. तिला आपल्याकडच्याच इंडियन ओशन या बँडच्या २००० सालच्या ‘कंदीसा’मधलं ‘मा रेवा’ ऐकव. नर्मदेचं गाणं आहे, आणि आपल्या नळाला तेच पाणी येतं. गिटार, बास, ड्रम सगळं आहे त्यात. तिने पुन्हा लाव म्हटलं तर तेवढ्यावर थांब, त्या दिवशी डिलन काढू नकोस.

या रविवारी आजोबांसाठी ‘पिंक मून’ तू आण, माझी प्रत मी मुद्दाम काढणार नाही. आणि मलाही एक दे. १९८० नंतरचं असू दे, त्यात मी अगदीच कच्ची आहे. मला उंच पट्टीतलं ओरडणं सोसत नाही, शब्द नीट कळलेले आवडतात आणि संध्याकाळी सातनंतरच ऐकायला वेळ असतो. एवढ्यावरून निवड.

तुझी,
काकू