माफ केले, तरी राग का येतो?

“रोज रात्री प्रभूची प्रार्थना म्हणते, पण आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली आहे, तशी तू आम्हाला कर, या भागाशी आले की जीभ अडखळते. मी ख्रिस्ती म्हणवून घ्यायला लायक आहे का?” माझ्याकडे येणारी विश्वासी माणसे हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत विचारतात. इथे ज्यांच्याविषयी लिहीत आहे, त्या पन्नाशी ओलांडलेल्या परिचारिका होत्या. त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, हा अनुभव मांडत आहे.

त्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या. 1831 पासून अमेरिकन मिशनऱ्यांच्या मराठी मिशनचे काम चालत आलेल्या या भागात मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, घराणी एकमेकांना तीन-चार पिढ्या ओळखतात, त्यामुळे घरातले भांडण घरात राहत नाही. आई आधीच गेलेली. वडील मृत्युपत्र न करता वारले. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे अशा वेळी ख्रिस्ती कुटुंबात मुलगा आणि मुलगी यांचा हिस्सा सारखाच असतो. मात्र “घर माझ्या नावावर होऊ दे, तुझ्या मुलीच्या शिक्षणाचे मी बघतो,” या थोरल्या भावाच्या शब्दावर त्यांनी हक्कसोडपत्रावर सही केली. पुढे भावाने घर विकले आणि बहिणीला काहीच दिले नाही. तेव्हापासून त्या उपासनेला शेवटच्या बाकावर बसत आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, आधी उठून घरी जात, कारण मनात वैर धरून वेदीजवळ जाऊ नये, एवढे त्यांना लहानपणापासून शिकवलेले होते.

मंडळीतल्या बहुतेकांनी त्यांना एकच सांगितले होते: “आपण ख्रिस्ती माणसे, सोडून द्या.” हे सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मी जाणते, तरीही दुखावलेल्या माणसाला घाईने क्षमेकडे ढकलणे हा त्याच्यावर होणारा दुसरा अन्याय आहे, असे माझे ठाम मत आहे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात किती वेळा क्षमा करावी असे शिष्य पेत्र विचारतो आणि प्रभू त्याला साताच्या सत्तर वेळा असे उत्तर देतो, हे सगळ्यांना पाठ असते. पण त्याच अध्यायात, त्याच्या थोडे आधी, भावाने अपराध केला तर एकांतात जाऊन त्याचा दोष त्याला दाखव, त्याने ऐकले नाही तर एकदोघांना सोबत घे, असेही प्रभूने सांगितले आहे. त्या बाईंना ही वाट कोणी दाखवलीच नव्हती.

आम्ही सुरुवात मात्र भावापासून केली नाही, देवापुढे खरे बोलण्यापासून केली. बायबलमधले पंचावन्नावे स्तोत्र रोज मोठ्याने वाचा, असे मी त्यांना सुचवले. निंदा करणारा शत्रू असता तर सोसले असते, पण हा तर माझा जिवलग, ज्याच्याबरोबर मी देवाच्या मंदिरात जात असे, असा त्यात आक्रोश आहे. काही दिवसांनी त्या म्हणाल्या, “पैशांचे दुःख कमीच आहे हो. मला नर्सिंगच्या शाळेत सोडायला दादा एसटी स्टँडपासून डोक्यावर ट्रंक घेऊन चालत आला होता. तो दादा मला हवा आहे.” राग नेमका कशाचा होता, हे त्या दिवशी आम्हा दोघींनाही कळले.

क्षमेवर संशोधन करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन, ज्यांच्या स्वतःच्या आईची 1996 मध्ये हत्या झाली, ते क्षमेचा निर्णय आणि भावनांमधला बदल या दोन वेगळ्या गोष्टी मानतात. सूड घ्यायचा नाही हा निर्णय एका दिवसात होऊ शकतो. मन निवळायला मात्र वेळ लागतो. त्यामुळे पुन्हा राग आला म्हणजे आधीची क्षमा खोटी ठरली, असे होत नाही. तो निर्णय त्या दिवसापुरता पुन्हा करायचा असतो, आणि म्हणूनच ती ओळ रोजच्या प्रार्थनेत आहे, असे मला वाटते.

क्षमा केली म्हणजे न्याय मागायचा नाही, असेही नाही. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले यांना जाळून मारण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीरपणे सांगितले, तरी खटला कायद्याने चालला आणि शिक्षाही झाल्या. पुन्हा भरवसा ठेवण्याचेही तसेच आहे, क्षमा केली म्हणजे तो लगेच ठेवायचा असे नाही. बायबलमधल्या योसेफाने, त्याला विकून टाकणाऱ्या भावांचा सूड घेतला नाही. पण ओळख देण्यापूर्वी त्याने शिमोनाला ठेवून घेतले आणि बन्यामिनाच्या बाबतीत ते बदलले आहेत का, याची पारख केली. (घरात मारहाण होत असेल तर आधी सुरक्षित जागी जावे, 181 या महिला हेल्पलाइनची मदत घ्यावी. क्षमेच्या नावाखाली मार खात राहण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये.)

भावासाठी त्या प्रार्थना करत होत्या, पण ती “त्याला सुबुद्धी दे” अशी. अशी प्रार्थना अनेकदा देवाकडे केलेली तक्रारच असते. त्याऐवजी त्याला खरोखर गरज असलेली एखादी गोष्ट मागा, असे मी म्हटले. भावाला मधुमेह होता. त्या त्याच्या पायाच्या जखमेसाठी प्रार्थना करू लागल्या. त्याच सुमारास वहिनींची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि डोळ्यांत वेळच्या वेळी थेंब घालायला घरात कोणी नव्हते. कोणीही न सांगता त्या दुपारच्या सुट्टीत तिथे जाऊ लागल्या. साबणाने हात धुवायचे, वहिनींना मान मागे टेकवायला सांगायची, खालची पापणी अलगद ओढून थेंब सोडायचा आणि बाटलीचे तोंड पापणीला लागू द्यायचे नाही. “घरविक्रीचा विषय निघाला नाही, मीही काढला नाही,” असे त्यांनी सांगितले.

भावाशी बोलणे त्यानंतरचे. पहिल्या भेटीत तो चिडून उठून गेला. दुसऱ्या वेळी त्यांनी मंडळीतल्या एका ज्येष्ठ पंचांना सोबत नेले, आवाज न चढवता विक्रीची रक्कम आणि दिलेला शब्द दोन्ही मांडले. भावाने चूक कबूल केली, मात्र पैसे एकदम देता येणार नाहीत म्हणाला. हप्ते ठरले, कागदावर लिहिले गेले. काही हप्ते आले, काही राहिले. पुढच्या प्रभुभोजनाला त्या बाकावरून उठल्या त्या पुढे जाण्यासाठी. राहिलेल्या हप्त्यांची आठवण झाली की राग अजूनही येतो, हेही त्या मोकळेपणाने सांगतात.

अलीकडे पुतण्याचे लग्न ठरले. त्या जाणार आहेत, आहेरही घेतला आहे. भावाने लग्नखर्चासाठी हातउसने पैसे मागितले, तेव्हा त्यांनी शांतपणे “नाही, दादा” म्हटले. आणि त्या रात्री प्रार्थना करताना त्या नकाराबद्दल त्यांना अपराधी वाटले नाही.