शेबँग: कुठून आला आणि कंटेनरमध्ये कोणता लिहावा

प्रश्न असा: स्क्रिप्टच्या #! ने सुरू होणाऱ्या पहिल्या ओळीला 'शेबँग' का म्हणतात, आणि कंटेनरमधल्या (प्रोग्रॅम आपल्या सगळ्या फाइलींसकट ज्यात वेगळा चालतो त्या कप्प्यातल्या) शेल स्क्रिप्टला ती कोणती द्यावी?

"ती तर नुसती कॉमेंट" हे आता ऐकवत नाही. कॉमेंट ती शेलच्या, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या लेखी. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या लेखी तो हुकूम. फाइलचे पहिले दोन बाइट # आणि ! असले की पुढे लिहिलेला प्रोग्रॅम कर्नल स्वतः सुरू करतो. ही सोय युनिक्सचे एक जनक डेनिस रिची यांनी जानेवारी १९८० मध्ये कळवली, तेव्हा या जोडीला त्यांनी 'जादूची अक्षरं' म्हटलं होतं.

आता व्युत्पत्ती. # म्हणजे 'शार्प', पाश्चात्त्य स्वरलेखनातल्या तीव्र स्वराच्या खुणेवरून. ! म्हणजे 'बँग'. 'शार्प-बँग' भरभर म्हणून पाहा, मधला 'र्प' आपोआप गळतो. हॅकरांच्या बोलीचा कोश असलेली जार्गन फाइल ही शक्यता कंसात उरकते आणि कौल 'शेल-बँग'ला देते. तो कौल मला साफ अमान्य आहे. या ओळीने पायथन चालतो, ऑक चालतो; या भाषा शेल नव्हेत. शेलचा मक्ता कुठला? शिवाय 'हॅशबँग' हे भावंड बघा: चिन्हाचं नाव अधिक चिन्हाचं नाव. तोच साचा शेबँगचा. अमेरिकी बोलीत 'शेबँग' १९व्या शतकापासून होता, अर्थ झोपडी. त्या तयार शब्दाने उच्चार आपल्याकडे ओढला असेल, पण जन्म त्याने दिलेला नाही.

कंटेनरचं उत्तर थोडक्यात: #!/बिन/एसएच, आणि स्क्रिप्टही तशीच साधी लिहा. अल्पाइन या लिनक्समध्ये एसएच म्हणजे बिझीबॉक्स या छोट्या साधनसंचातला अ‍ॅश, डेबियन लिनक्समध्ये डॅश; दोन्ही साधे शेल. अ‍ॅरे (एका नावाखाली अनेक मूल्यं) दोन्हीकडे नाहीत, आणि डॅशला [[ ]] ही अट तपासण्याची रचना कळत नाही. ते हवंच असेल तर बॅश हा मोठा शेल इमेजमध्ये (कंटेनर ज्यापासून सुरू होतो त्या साच्यात) घाला आणि #!/यूएसआर/बिन/एन्व्ह बॅश लिहा. डॉकरच्या अधिकृत बॅश इमेजमध्ये तो /यूएसआर/लोकल/बिनमध्ये असतो, त्यामुळे #!/बिन/बॅश तिथेही आपटतं. एन्व्ह फक्त पाथमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत शोधतो. नसलेला बॅश तो आणून देत नाही. लिनक्स इंटरप्रिटरच्या (शेबँगमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या) नावानंतरची उरलेली ओळ एकच आर्ग्युमेंट म्हणून देतो, म्हणून 'एन्व्ह बॅश -ई' लिहिलंत तर 'बॅश -ई' नावाचाच प्रोग्रॅम शोधला जातो. 'सेट -ई' (चूक होताच थांब) खालच्या ओळीत घ्या.

स्क्रिप्ट समोर दिसत असताना "अशी फाइल नाही" असा एरर आला, तर बहुधा सापडत नसतो तो इंटरप्रिटर. एकतर तो इमेजमध्येच नाही, किंवा विंडोजवर सेव्ह केल्यामुळे त्याच्या नावाला कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याची विंडोजची जास्तीची अदृश्य खूण) चिकटला आहे. दुसऱ्या कारणासाठी गिटच्या गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये शेल फाइलींना ईओएल=एलएफ लावा. "एक्झेक फॉरमॅट एरर" आला तर पहिली ओळच नाही, किंवा तिच्याआधी रिकामी ओळ अथवा बीओएम (फाइलच्या सुरुवातीची अदृश्य एन्कोडिंग-खूण) शिरला आहे: # हा फाइलचा अगदी पहिला बाइट असायला हवा.