फोमची कयाक करतोयस? आधी वाटीभर इपॉक्सी कालवून बघ

कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी. फोमला तिचा आकार दिला की वर काचेचं कापड रेझिनने, म्हणजे वाळून घट्ट होणाऱ्या द्रवाने, चिकटवायचं. स्वस्त पडतं म्हणून दुकानदार पॉलिस्टर रेझिन गळ्यात मारेल. घेऊ नकोस. थर्माकोल असो की निळा एक्सपीएस फोम, पॉलिस्टरमधलं स्टायरीन त्याला डोळ्यांदेखत खाऊन टाकतं. इपॉक्सी रेझिनच हवं. त्यात हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारा दुसरा भाग, कालवायचा असतो.

दोन्हींचं माप अंदाजाने नाही, वजनकाट्यावर. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की आकारमानाचं, तेही नीट वाच. हार्डनर जास्त घातला म्हणून लवकर वाळत नाही, उलट चिकट राहतं. आणि एकदम अर्धा किलो कालवू नकोस! खोल भांड्यात ते आपल्याच उष्णतेने तापतं, धूर सोडतं. माझा प्लास्टिकचा मग तसाच वाकडा झाला. थोडंथोडं कालव, पसरट ट्रेमध्ये ओत.

काचेचं कापड चौरस मीटरला २०० ग्रॅमचं, तळाला दोन थर. कापड पारदर्शक दिसलं की पुरे. जादा रेझिन ओढून काढ, त्याने नुसतं वजन वाढतं.

कोकणात असशील तर पावसाळ्यात हे काम काढूच नकोस. दमट हवेत वर मेणचट थर येतो; तो पाण्याने धुवायचा, मग पॉलिश पेपर मारायचा, तेव्हा कुठे पुढचा हात. हातमोजे आणि मास्क हवेतच.

शेवटी रंग दे, कारण उन्हाने इपॉक्सी खराब होतं. पांढरा दे, गडद रंगाखाली फोम तापतो. पहिली फेरी लाइफ जॅकेट घालून, कमरेइतक्या पाण्यात.