बाईंना विचारा: लवंगतेल, युजेनॉल आणि घरातली बाटली

गेल्या अंकात लवंगेच्या वासामागच्या युजेनॉलबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. बरीचशी पत्रं लवंगतेलाबद्दल आहेत, काही दालचिनीच्या पानांच्या तेलाबद्दल. दोन्हींत मुख्य घटक एकच. लवंगेच्या कळीच्या तेलात ७० ते ९० टक्के युजेनॉल असतं आणि दालचिनीच्या पानांच्या तेलातही साधारण तेवढंच. दालचिनीच्या सालीचं तेल मात्र वेगळं, त्यात सिनॅमाल्डिहाइड जास्त. कुळागरात, म्हणजे आपल्या गोव्याच्या सुपारी-मसाल्याच्या बागेत, उभ्या असलेल्या एकाच झाडाची पानं आणि साल वेगवेगळी तेलं देतात, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

बाई, माझ्या नातवाला दात येताहेत. रात्रभर रडतो. आमची आई हिरड्यांना लवंग उगाळून लावायची. आता औषधांच्या दुकानात लवंगतेल मिळतं, ते बोटाने लावलं तर चालेल का?
*— एक आजी, म्हापसा*

आजी, लावू नका. एक थेंबसुद्धा नको. तुमच्या आईने लावलेली उगाळलेली लवंग आणि दुकानातलं तेल यांत फार मोठं अंतर आहे. हिशोब करून दाखवते.

एका लवंगेचं वजन ग्रॅमच्या दहाव्या भागाइतकं किंवा थोडं कमीच. त्यातून दहा-बारा मिलिग्रॅम युजेनॉल निघेल, आणि उगाळून बोटाला लागतं ते त्याचाही छोटा अंश. तेलाच्या एका थेंबात मात्र ३०-४० मिलिग्रॅम असतं, म्हणजे तीन-चार लवंगा एकदम. अन्नातल्या सुगंधी पदार्थांची तपासणी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने युजेनॉलची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे २.५ मिलिग्रॅमपर्यंत ठरवली आहे. साठ किलोच्या माणसाला ते १५० मिलिग्रॅम होतं, चारेक थेंब. दहा किलोच्या बाळाला २५ मिलिग्रॅम. म्हणजे एका थेंबातच बाळाची मर्यादा ओलांडली जाते.

हिरड्यांना ते पोळतं, हा त्रास वेगळाच. पण माझी खरी काळजी बाटलीची आहे. बाळ उद्या रांगायला लागेल, परवा कपाट उघडेल. पाच-दहा मिलिलिटर लवंगतेल प्यायलेल्या लहान मुलांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत: मुलं बेशुद्ध पडली, झटके आले, यकृत निकामी होऊ लागलं. दहा मिलिलिटर म्हणजे औषधाच्या दुकानातली एक छोटी बाटली. यकृतात युजेनॉलचं जे रूप बनतं ते पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेसारखंच पेशींना मारतं, म्हणून अशा मुलांना डॉक्टरांनी पॅरासिटामॉलच्या विषबाधेवरचंच औषध देऊन वाचवलेलं आहे.

कधी असं झालंच तर उलटी करवू नका. मिठाचं पाणी पाजू नका. तेल उलटून फुप्फुसात गेलं तर दुप्पट संकट. १०८ला फोन करा आणि बाटली बरोबर घेऊन बांबोळीच्या किंवा जवळच्या इस्पितळात जा. बाळ हसत-खेळत असलं तरी जा, यकृताचा त्रास काही तासांनी दिसतो.

दातांसाठी स्वच्छ ओला फडका फ्रीजमध्ये गार करून चावायला द्या, धुतलेल्या बोटाने हिरड्या हलक्या चोळा. रडणं तरी थांबलं नाही किंवा ताप असला तर बालरोगतज्ज्ञांकडे.

आमच्या कुळागरात दालचिनीची झाडं खूप आहेत, पानं वाया जातात. काजूचा हंगाम संपल्यावर फेणी गाळायची भाटी रिकामीच असते. त्यात पानं घालून तेल काढलं तर? एकदा करून पाहिलं, पण वर काहीच तरंगलं नाही. सगळं पाणीच निघालं.
*— एक बागायतदार, सावईवेरें*

भाऊ, तेल निघालं असणार, तुम्ही ते ओतून दिलंत! बहुतेक सुवासिक तेलं पाण्याहून हलकी असतात, म्हणून आपण वरती शोधतो. युजेनॉलची घनता १.०६च्या आसपास आहे, ते बुडतं. शाळेच्या प्रयोगशाळेत मी मुलांना हेच दाखवायचे: परीक्षानळीत पाणी, त्यात लवंगतेलाचा एक थेंब. थेंब क्षणभर पृष्ठभागावर अडकतो आणि मग पिवळसर मोत्यासारखा तळाला जाऊन बसतो. मागच्या बाकांवरची मुलंही पुढे यायची.

तुमच्या लावणीत, म्हणजे वाफ गार होऊन जमते त्या भांड्यात, जमलेलं पाणी दुधासारखं गढूळ होतं का? ती गढूळता म्हणजे अजून न सुटलेले तेलाचे बारीक कण. पाणी आणि तेल यांच्या घनतेत फरक थोडाच असल्याने सुटायला वेळ लागतो. ते पाणी अरुंद काचेच्या भांड्यात रात्रभर स्थिर ठेवा, सकाळी तळाशी थर दिसेल. लांब काचेच्या ड्रॉपरने खालून अलगद ओढून घ्या. वरही एखादी पातळ साय येईल, त्यात हलके घटक असतात. उत्पन्नाची मोठी आशा धरू नका, पानांच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास, कधी त्याहून कमी.

आता भाटीबद्दल. फेणीच्या भाणात पानं घालणं मला पसंत नाही. लवंगेचा वास भांड्याला धरून बसतो, पुढच्या हंगामाची फेणी बिघडेल. लोखंडी भांडंही नको. युजेनॉल फिनॉलच्या जातीचं आहे, लोखंडाशी त्याचा रंग काळपट होतो. स्टेनलेस स्टीलचं वेगळं भांडं घ्या. वाफ जायची नळी पानांनी कधीही तुंबता कामा नये. झाकण मातीने घट्ट लिंपून नळी बंद पडली तर भांडं फुटतं, आणि उकळत्या पाण्याचा मार युजेनॉलच्या कुठल्याही धोक्यापेक्षा वाईट.

उरलेलं गढूळ पाणी आणि फसलेलं तेल व्हाळात सोडू नका, ही माझी कळकळीची विनंती. मत्स्यशास्त्राच्या प्रयोगशाळेत मासे गुंगवायला पाण्यात हेच लवंगतेल घालतात, थोडंसंच पुरतं. तुमच्या व्हाळातल्या माशांनी काय बिघडवलंय?

आणि हे घरचं तेल खाण्यात वापरू नका. त्यात नक्की काय-किती आहे याची तपासणी झालेली नसते. पुलावात पानच टाका, ते पुरेसं सुंदर आहे.

आम्ही बचतगटातर्फे हाताने साबण करतो. या वेळी लवंगतेल घातलं तर मिश्रण दोन मिनिटांत भांड्यातच थिजलं, साच्यात ओतताच आलं नाही. रंगही तपकिरी झाला. आणि एका सदस्येच्या बोटांच्या बेचक्यात पुरळ आलं. तेल भेसळीचं होतं का?
*— महिला बचतगट, डिचोली*

भेसळ असेलच असं नाही, उलट तेल बऱ्यापैकी शुद्ध असल्याचं हे लक्षण असू शकतं. साबणाच्या मिश्रणात कॉस्टिक सोडा असतो. युजेनॉल फिनॉल असल्यामुळे किंचित आम्ल, ते सोड्याशी लगेच जुळतं आणि साबण होण्याची सगळी क्रिया भरधाव सुटते. साबण करणाऱ्यांना लवंग आणि दालचिनी या दोन वासांची धास्ती असते ती याचसाठी. रंगाचंही तसंच: अल्कलीत आणि हवेत युजेनॉल तपकिरी पडतं. पांढरा साबण हवा असेल तर हा वास विसरा. तपकिरी चालत असेल तर पुढचं वाचा.

एक किलो तेलाला पाच ग्रॅमच्या वर लवंगतेल घालू नका. आधी ते थोड्या खोबरेलात मिसळा, मिश्रण गार होऊ द्या, साचे हाताशी तयार ठेवा, सुगंध अगदी शेवटी घाला आणि विजेच्या घुसळणीने नाही, हाताने ढवळा.

पुरळाचं मात्र गंभीरपणे घ्या. युजेनॉलची ॲलर्जी होते, आणि एकदा बसली की बहुधा जन्मभर राहते. पुढच्या वेळी थोडं तेल लागलं तरी पुरळ उठतं. त्या ताईंना त्वचेच्या डॉक्टरांना दाखवू द्या, आणि तोवर तेल मोजण्याचं काम दुसरीकडे द्या. हातमोजे नायट्राइलचे घ्या. लेटेक्सचे रबरी मोजे तेलाने फुगतात आणि आतपर्यंत ओलावा जातो. नासलेल्या रबराचा नमुना माझ्याकडेच आहे: लवंगतेलाच्या बाटलीवर कायमचा लावून ठेवलेला ड्रॉपर, त्याचा काळा फुगा आता बोटाला डांबरासारखा चिकटतो. मापाला थर्मोकोलचा किंवा पातळ प्लॅस्टिकचा कप नको, युजेनॉल काही प्लॅस्टिकं मऊ करतं. काचेचं किंवा स्टीलचं माप घ्या.

हातावर सांडलं तर नुसत्या पाण्याने जात नाही. आधी कोरड्या फडक्याने टिपा, मग साबणाने धुवा. डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरा आणि डॉक्टर गाठा. साबण करताना चष्मा लावत असालच, सोड्यासाठी तो तसाही हवा.

लेबलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. युरोपात धुऊन टाकायच्या वस्तूत ०.०१ टक्क्याहून जास्त आणि अंगावर राहणाऱ्या क्रीम-तेलात ०.००१ टक्क्याहून जास्त युजेनॉल असेल तर ते नावानिशी लिहावं लागतं. परदेशी पाहुण्यांना साबण विकणाऱ्या गटाने तर स्वतःहून लिहावं. ज्याला ॲलर्जी आहे तो वाचून बाजूला होतो, एवढं साधं काम त्या ओळीचं. अंगाला लावायच्या मालिश-तेलात लवंगतेल अर्ध्या टक्क्याच्या आतच असू द्या.

दाढ दुखते तेव्हा कापसाला लवंगतेल लावून धरतो, बरं वाटतं. हे चूक आहे का? मी रक्त पातळ करायची गोळीही घेतो.
*— एक वाचक, मडगाव*

बरं वाटतं ते खरंच. युजेनॉल नसांना बधिर करतं, आणि दातांचे डॉक्टर झिंक ऑक्साइडच्या पुडीत युजेनॉल कालवून तात्पुरती भर घालतात, दवाखान्यातला तो ओळखीचा वास त्याचाच. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत एक-दोनदा चालेल. पण निव्वळ तेल नको. खोबरेलाच्या दहा-बारा थेंबांत एक थेंब, आणि कापूस हिरडीला न टेकवता दाताच्या खड्ड्यापुरता. खुर्चीत बसल्यावर डॉक्टरांना सांगा की लवंगतेल लावलंय, कारण दाताच्या रंगाची आधुनिक भर युजेनॉलमुळे नीट कडक होत नाही.

गोळीमुळे मात्र तेल गिळायचं नाही, थेंबांच्या रूपात नाही आणि कॅप्सूलच्याही नाही. युजेनॉल रक्ताच्या बिंबिकांना चिकटू देत नाही, म्हणजे गोळीच्याच दिशेने काम करतं. जेवणानंतरची एखादी लवंग चघळायला हरकत नसावी, तरी पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घालाच.

आंब्याच्या बागेत फळमाशीच्या सापळ्यासाठी मिथाइल युजेनॉल आणलं आहे. वास लवंगेसारखाच. एकाच कुटुंबातलं आहे तर घरच्या लवंगतेलाबरोबर ठेवलं तर चालेल ना?
*— एक आंबा बागायतदार, पेडणे*

नाही. या दोन बाटल्या एका कपाटात नकोतच. रेणूत फरक छोटा आहे, एका हायड्रोजनच्या जागी मिथाइल गट, पण शरीरात वागणूक बदलते. युजेनॉलला कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिसऱ्या गटात ठेवलं आहे, म्हणजे कर्करोगाचा ठपका ठेवण्याइतका पुरावा नाही. मिथाइल युजेनॉलला २०२३ मध्ये ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ या गटात नेलं. त्याआधी २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कृत्रिम मिथाइल युजेनॉल अन्नाच्या परवानगीच्या यादीतून काढलं होतं.

सापळ्यात ते उत्तम काम करतं. नर माश्या त्या वासावर झेपावतात आणि संपतात, मादीला जोडीदार उरत नाही, आंब्यात अळी कमी. तुळशीच्या पानांतही हे दोन्ही घटक थोडे असतात, म्हणून वृंदावनाभोवती कधी कधी या माश्या घिरट्या घालताना दिसतात. सापळ्याच्या ठोकळ्यात बहुधा कीटकनाशकही भिजवलेलं असतं, तेव्हा मोजे घालूनच बदला, आणि जुने ठोकळे चुलीत जाळू नका. बाटली बागेतल्या खोलीत, कुलपात, मूळ लेबलासकट. रिकाम्या शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवण्याची सवय आपल्याकडे आहे, ती कृपा करून सोडा.

लवंगतेल किती दिवस टिकतं? आमच्याकडे पणजीत पावसाळ्यात सगळंच खराब होतं. शिवाय घरात मांजर आहे, डिफ्यूझर लावला तर चालेल?
*— एक वाचक, पणजी*

दमट हवेचा त्रास तेलाला फारसा नाही, त्याला उजेड, उष्णता आणि हवा नको. गडद काचेची बाटली, गच्च झाकण, गार अंधारी जागा. अर्धी रिकामी झाली की छोट्या बाटलीत काढा म्हणजे आत हवा कमी राहील. असं ठेवलं तर दोनेक वर्षं सहज जातात. रंग पिवळ्याचा गडद तपकिरी झाला, वास आंबूस वाटू लागला तर त्वचेला लावू नका, जुनं तेल जास्त झोंबतं. पेट घ्यायला त्याला शंभराच्या वर अंश तापमान लागतं, म्हणून बाटली आपोआप भडकणार नाही. पण तेलाने भिजलेला फडका गॅसजवळ नको. स्पिरिटमध्ये मिसळून रूम-स्प्रे केला असेल तर तो मात्र पटकन पेटतो, त्याला समईपासून लांब ठेवा.

मांजराच्या घरात लवंगेचा डिफ्यूझर लावू नका. फिनॉलच्या जातीचे पदार्थ शरीराबाहेर टाकायला यकृतात जी क्रिया लागते, ती मांजरांत फार अशक्त असते, आणि हवेतले थेंब अंगावर बसले की ती चाटून पोटात घेतात. खोलीला वास हवा असेल तर पाण्यात दोन लवंगा आणि लिंबाची साल उकळा, मांजराला तोवर दुसऱ्या खोलीत ठेवा आणि खिडकी उघडी राहू द्या.